वेळापत्रक डोक्यात नको, भिंतीवर हवं



गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. घरात दोन मुलं, सासू-सासरे, सकाळी तीन डबे आणि दुपारी थोडंफार शिवणकाम. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "ताई, दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो ते कळत नाही. तुम्ही घर आणि शाळा दोन्ही छान सांभाळता. मला एक वेळापत्रक करून द्या ना. मी डोळे मिटून पाळीन."

पत्र वाचून मी आधी हसले, मग ओशाळले. हसले अशासाठी की दुसरीचं वेळापत्रक म्हणजे दुसरीच्या मापाचं पोलकं. एकीला ते काखेत घट्ट होणार, दुसरीला खांद्यावरून ओघळणार. तुमच्याकडे पाणी पहाटे चारला येत असेल, आमच्याकडे सहाला येतं. तुमचे सासरे पथ्याचं जेवत असतील, तर आमच्या धाकट्याला भाजी दिसली की पोटात दुखू लागतं. तेव्हा तयार वेळापत्रक काही मी देणार नाही. आणि ओशाळले अशासाठी की "दोन्ही छान सांभाळता" असं माझ्याबद्दल कुणी लिहावं, अशी गेल्या पावसाळ्यात तरी माझी परिस्थिती नव्हती. काय झालं होतं ते आज सांगूनच टाकते.

आमची थोरली सातवीत आणि धाकटा पहिलीत. मी आठवी-नववीला मराठी शिकवते, अर्धवेळ, साडेअकरा ते अडीच. धाकट्याची शाळा साडेचारला सुटते, त्याला आणायचं काम माझं. जुलैतली गोष्ट. त्याच्या शाळेत शिक्षकांची सभा होती, म्हणून मुलांना एक वाजताच सोडणार होते. तसा निरोप आदल्या रात्री मोबाइलवरच्या पालकांच्या गटावर आला होता. मी तो वाचलाही होता. तव्यावर फुलका, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात फोन. "बरं" म्हणून अंगठ्याचं चित्रसुद्धा पाठवलं. इकडे फुलका टम्म फुगला आणि तिकडे निरोप डोक्यातून गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी अडीचला तास संपवून पर्समधला फोन काढते तो काय, धाकट्याच्या शाळेतून आलेले चार फोन! स्कूटर काढली, रेनकोट घालायचंही सुचलं नाही. पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. फाटकाच्या आत बाकावर शाळेच्या शिपाईकाकांशेजारी आमचं ध्यान बसलेलं. काकांनी आपल्या डब्यातली भाकरी त्याला दिली होती. रडला वगैरे नव्हता. मला बघून म्हणाला, "आई, मी शंभरापर्यंत मोजलं. सहा वेळा. सातव्या वेळी साठाला तू आलीस."

सातव्या वेळी साठाला. अजूनही ते आठवलं की पोटात कालवतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अगं, मला सांगितलं असतंस तर मी आणलं असतं. एक वाजता मी जेवायला घरीच येतो की."

खरंच होतं ते. ह्यांचं ऑफिस जवळ आहे आणि धाकट्याची शाळा वाटेतच लागते. म्हणजे त्या दिवशी हे त्या फाटकावरूनच गेले असणार, आत आपलं पोर मोजत बसलंय हे माहीत नसताना! शाळेत फोन नंबर दिलेला एकट्या माझा, गटावर नाव एकट्या माझं. ह्यांच्यावर चिडावं तर चिडायलाही जागा नव्हती. पण "सांगितलं असतंस तर" हे शब्द मात्र रात्रभर टोचत राहिले. लक्षात ठेवायचं मी, सांगायचंही मी, आणि विसरले तर अपराधीही मीच.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं, नोकरी सोडायची. सकाळी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "आई, मी राजीनामा द्यावा म्हणते." मला वाटलं, त्या म्हणतील बरं होईल. त्या काड्या बाजूला करत म्हणाल्या, "दे की. तीन तास मोकळे होतील. पण डोकं कुठं मोकळं होणार आहे? मी कधी नोकरी केली होती का? तरी तुझ्या नणंदेच्या साखरपुड्याला साखरच आणायची विसरले होते मी!"

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

त्याच दिवशी आमच्या शाळेत एक बाई रजेवर होत्या. पर्यवेक्षिका शिक्षकांच्या खोलीत आल्या, भिंतीवरच्या वेळापत्रकावर बोट फिरवलं, तिसऱ्या तासाला कोण मोकळं आहे ते बघितलं आणि बदली तास लावून निघूनही गेल्या. दोन मिनिटांचं काम. रजेवरच्या बाईंना फोन करून "तुमचा तिसरा तास कुठल्या वर्गावर असतो हो?" असं कुणी विचारलं नाही. मी ते बघत राहिले. वर्षानुवर्षं बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शाळेत माझा तास दुसरं कुणी घेऊ शकतं, कारण तो लिहिलेला आहे. घरी मी दोन दिवस तापानं पडले की उशाशी रांग लागते. "हिंग कुठंय?" "दूधवाल्याचे किती द्यायचे?" "आज चित्रकलेची वही न्यायची का गं?" आमच्या घरातली माणसं आळशी नाहीत हो. पण घराचं वेळापत्रक आहे माझ्या डोक्यात, आणि डोक्यातलं कुणाला वाचता येत नाही.

मिनिटांत न मोजलं जाणारं काम

२०१९ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर एक पाहणी केली होती. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस धरायचा, त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात काय केलं ते लिहायचं. त्यात दिसून आलं की सहा वर्षांवरच्या मुली-बायकांपैकी शंभरातल्या ८१ जणी त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम करत होत्या, आणि पुरुषांतले शंभरात २६. जे करत होते त्यांच्यात बायकांची सरासरी निघाली २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. म्हणजे आपली एक मिनिट कमी पाच तास!

हे आकडे वाचून तुम्हाला नवल वाटायचं नाही, मलाही वाटलं नाही. माझं लक्ष गेलं ते वेगळ्याच गोष्टीकडे. दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेलंच काम नोंदायचं, असा त्या पाहणीत नियम होता. आता सांगा, फुलका भाजता भाजता "उद्या एक वाजता आणायचंय" हे लक्षात ठेवणं कुठल्या नोंदीत येणार? ते काम मिनिटभराचंही नसतं आणि दिवसभर संपतही नाही.

तेव्हापासून मी घरातल्या कामांचे तीन भाग करते. पहिली हातांची कामं: पोळ्या, भांडी, इस्त्री. ती करताना आपण तिथंच हव्यात. दुसरी नजरेची कामं: दूध तापणं, कुकरच्या शिट्ट्या, मुलांचा अभ्यास. ही दोन-तीन एका वेळी चालतात. आणि तिसरी आठवणीची कामं. साधी मटकीची उसळ घ्या. बुधवारी डब्यात उसळ हवी तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तेव्हा बुधवारी सकाळी छान मोड येतात. थंडीत आणखी वेळ द्यावा लागतो. हातांचं काम पाच मिनिटांचंसुद्धा नाही. पण आठवण मात्र दोन दिवस जागी ठेवावी लागते. अशा किती मटक्या आपण डोक्यात बांधून फिरत असतो!

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझी पहिली सूचना ही, की वेळापत्रक करण्याआधी एक दिवस स्वयंपाकघरात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. जे जे लक्षात ठेवावं लागतं ते ते, मनात येईल तसं, टिपत जा. करायचं काही नाही, नुसतं टिपायचं. माझ्या वहीत रात्रीपर्यंत ३४ गोष्टी झाल्या. ती वही मी ह्यांच्यापुढे ठेवली. काही बोलले नाही. हे दोन्ही पानं वाचत गेले आणि म्हणाले, "हे सगळं एका दिवसाचं?"

बुधवारी मोडलेलं वेळापत्रक

मग मी उत्साहानं कामाला लागले. मोठी कार्डशीट आणली, पट्टीनं रेघा मारल्या आणि पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लिहून काढलं. पाच ते पाच-वीस आंघोळ, पाच-वीस ते पाच-चाळीस कणीक, असं. सोमवार झकास गेला. मंगळवारी वीज गेली. बुधवारी मामेसासरे न कळवता जेवायला आले. बुधवारी रात्री माझी इतकी चिडचिड झाली की कार्डशीट गुंडाळून कपाटावर टाकली.

चूक माझीच होती. शाळेच्या वेळापत्रकातसुद्धा छोटी सुट्टी, मोठी सुट्टी असते, आणि मी घराला एकही सुट्टी ठेवली नव्हती. दुसरा कागद केला तेव्हा घड्याळ बाजूला ठेवलं आणि दिवसाला तीन खुंट्या ठोकल्या: पाणी येण्याची वेळ, डबे भरण्याची वेळ आणि दिवेलागण. पाणी असेपर्यंत काय काय उरकायचं, डब्यांच्या आधी काय, दिवेलागणीनंतर काय, एवढंच लिहिलं. मधली कामं इकडची तिकडे झाली तरी बिघडत नाही. पाहुणे आले, वीज गेली, तरी खुंट्या जागच्या जागी राहतात.

आठवड्याच्या भाज्यांचंही तसंच. आमचा बाजार रविवारचा. पहिले दोन दिवस पालेभाज्या, कारण त्या टिकत नाहीत. मग वांगी, भेंडी, गवार. मग कोबी, दुधी, लाल भोपळा. आणि शनिवारपर्यंत टोपली रिकामी झाली की कडधान्य किंवा पिठलं. हा क्रम कागदावर लिहिल्यापासून सकाळी सहा वाजता "आज भाजी कुठली?" हा प्रश्न निम्मा सुटला. पालेभाजी संध्याकाळी निवडून फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे त्याच ओळीत लिहिलंय, आणि पुढे नाव आहे सासूबाईंचं. त्यांनी ते स्वतःहून मागून घेतलं.

काम नावासकट द्यावं

नावाचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते. खरी गंमत तिथंच आहे, आणि खरी परीक्षाही. नाव लिहायचं ते पुऱ्या कामाला, अर्ध्याला नाही. "गॅस" या कामापुढे ह्यांचं नाव लिहिलं, म्हणजे सिलिंडर कधी लावला ते बघणं, नोंदवणं, पैसे ठेवणं, सगळं ह्यांच्याकडे. मी आठवण करायची आणि ह्यांनी फोन करायचा, असं ठेवलं तर ती नुसती मदत झाली, माझ्या डोक्यातलं ओझं काही उतरलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात काय व्हावं? गॅस संपत आल्याचं मला दोन दिवस आधी कळलं. ज्योत बघितली की आपल्याला कळतंच. पण जीभ दाताखाली धरली. मंगळवारी संध्याकाळी खिचडी अर्धी शिजली आणि गॅस गेला. विजेच्या शेगडीवर ती खिचडी व्हायला साडेनऊ वाजले. मुलं पेंगुळली, सासूबाई पुटपुटल्या. मला इतकं वाटत होतं की म्हणावं, "मला सांगता येत नव्हतं का?" नाही म्हटलं. ह्यांनी त्या रात्री सिलिंडर नोंदवला आणि नवा लावला त्या दिवशी कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं तारीख लिहिली. त्यानंतर गॅसची चिंता मी केलेली नाही.

एक मात्र सांगते, असला धडा सगळ्याच कामांवर गिरवू नये. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या उशिरा आल्या तर खिचडीसारखं भागायचं नाही. तिथं आम्ही दोघांनी मिळून खूण ठरवली: दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या आणायच्या. आणि मोजायचं काम दर रविवारी ह्यांचं.

आणखी एक गोष्ट कागदानंच दाखवली, ती सांगायला मला लाज वाटते. सगळी नावं लिहून झाली तेव्हा थोरली कागद वाचत उभी होती. म्हणाली, "आई, माझी पाच कामं आहेत. आणि ह्याचं एकपण नाही." मी म्हटलं, "अगं, तो लहान आहे, पहिलीत." ती म्हणाली, "मी पहिलीत होते तेव्हा ताटं मांडायचे."

मला उत्तर सुचलं नाही. मी, वर्गात समानतेवरचे निबंध तपासणारी! ताटं-वाट्या त्या दिवसापासून धाकट्याकडे आहेत. आठवड्यातून दोनदा तरी पेला सांडतो. सांडू दे. फडकं कुठं असतं तेही आता त्याला माहीत आहे.

सगळ्यात आधी आम्ही केलं ते काम मात्र अगदी सोपं होतं. शाळेच्या गटावर ह्यांचाही नंबर घातला. सप्टेंबरात पुन्हा एकदा शाळा लवकर सुटणार होती. निरोप आला तेव्हा माझ्या आठवीच्या चाचणीचे पेपर चालले होते. मी तो बघितलाच नाही. तीनला घरी पोचले तर धाकटा जेवून, हात धुऊन, आजीजवळ गोष्ट ऐकत पडलेला. बाबांनी त्याला एक वाजता आणून सोडलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. क्षणभर, खरं सांगू, थोडं चुकल्यासारखंच वाटलं! मग चहा टाकला.

त्या चहाचीसुद्धा कागदावर जागा आहे. शाळेत प्रत्येक शिक्षिकेला मोकळा तास असतो. तसा सव्वातीन ते चार हा माझा मोकळा तास आहे. आधी त्या वेळात मी कपड्यांच्या घड्या घालत असे, नाहीतर वह्या तपासत असे. आता नाही. पाय पसरून बसते, काहीतरी वाचते, कधी नुसती पडते. थोरलीनं लाल पेन्सिलीनं तिथं लिहून ठेवलंय, "आई, मोकळा तास. हाक मारू नये." सासूबाईंनाही म्हटलं, तुमचाही लिहू या. त्या म्हणाल्या, "माझा देवळातला लिही."

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनींनो, तुमचं वेळापत्रक मी करून देत नाही. पण ते करताना ध्यानात ठेवण्याच्या चार गोष्टी थोडक्यात देते. कापून स्वयंपाकघरात लावायलाही हरकत नाही.

१. आधी एक दिवस फक्त टिपणं करावीत. आठवणीची कामं वेगळी लिहावीत.

२. मिनिटांचं वेळापत्रक करू नये. दिवसाच्या तीन खुंट्या ठरवाव्यात आणि मध्ये मोकळी जागा सोडावी.

३. काम नावासकट आणि पुरं द्यावं. दिल्यावर मागे लागू नये. औषधं आणि लहान मुलं यांची खूण मात्र दोघांनी मिळून ठरवावी.

४. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं बसून पुढच्या आठवड्याचा कागद वाचावा. मुलांनाही वाचायला लावावा. आणि स्वतःचा मोकळा तास खोडायचा नाही, हे सर्वांत महत्त्वाचं.

आमच्याकडे सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. सणावारी कागद बाजूला राहतो आणि सगळं पुन्हा माझ्या डोक्यात येऊन बसतं. परवाच हे विचारत होते, "गणपतीचं तबक कुठं ठेवलंय गं?" तबक अजून कागदावर आलेलं नाही. यंदा येईल.

तुम्ही टिपणं केलीत तर तुमच्या वहीत किती गोष्टी निघाल्या, ते मला जरूर कळवा. आणि पुढल्या आठवड्यात बोलू पावसाळ्यात न वाळणाऱ्या कपड्यांविषयी. माझ्या दोरीवर आत्ता या घडीला तीन दिवसांचे युनिफॉर्म आहेत!